वाढीला दिलेला हेडमास्तर

वादळाने आमच्याकडे काही म्हणता काही ठेवलं नाही. घरं उडाली, शाळेचे पत्रे समुद्रात गेले, चर्चची घंटा एनोकच्या अळूच्या मळ्यात सापडली. डुकराचं खोपट मात्र जसंच्या तसं उभं होतं आणि आत हेडमास्तर, खुंट्याला बांधलेला, कोरडा ठणठणीत, न्याहारीची वाट बघत होता.

हेडमास्तर हे डुकराचं नाव. गावात खरे हेडमास्तरही होते. पहाटे दोघंही साधारण एकाच वेळी ओरडायला लागत, म्हणून डुकराला ते नाव पडलं. खऱ्या हेडमास्तरांची त्याला हरकत नव्हती. ते म्हणायचे, "त्याची किंमत माझ्यापेक्षा जास्त आहे. कमीपणा वाटायचा तर त्याला वाटू दे."

तो पिल्लू असतानाच एल्डनने त्याचे वरचे सुळे काढले होते. वरचे गेले की खालच्यांना अडवणारं कोणी राहत नाही. ते गालाबाहेर येतात, वळतात आणि वळत वळत पुन्हा जबड्यापाशी पोचतात. असा फेरा पूर्ण झाला की त्या डुकराच्या बदल्यात बायको मिळते, जमीन मिळते, भांडण मिटतं, माणसाचा मान एक पायरी वर चढतो आणि त्याला नवं नाव मिळतं. फेऱ्याला सात वर्षं लागतात. त्यात घाई चालत नाही. पलीकडच्या वाडीत एकाने सुळा ओढून लांब करायचा प्रयत्न केला होता. त्याला आता चार बोटं आहेत.

सुळा गालात रुतायला लागला की डुकराला नीट चावता येत नाही. मग त्याच्या वाटचं दुसऱ्या कोणीतरी चावावं लागतं. हेडमास्तरच्या वाटचं एल्डनची बायको रोसिना चावायची. कोनफळ उकडायचं, घास घ्यायचा, लापशीसारखा मऊ होईपर्यंत चावायचा, तळहातावर काढायचा आणि त्याच्या तोंडापुढे धरायचा. पहाटे आणि दिवस मावळताना. दुसऱ्या कोणाच्या हातचं तो खात नसे. रोसिनाच्या दाढा सपाट झाल्या होत्या आणि बोलताना तिचा जबडा कानापाशी कटकट वाजायचा.

वादळानंतर घरात दोन कोनफळं शिजली तर त्यातलं एक हेडमास्तरचं असे.

"किती राहिलं?" रोसिनाने विचारलं.

एल्डनने डुकराच्या मानेवर गुडघा रोवला होता आणि सुळ्याचं टोक नि जबडा यांच्या मधे बोटं धरून तो माप घेत होता. "दोन बोटं."

"मागच्या वर्षी कोनफळं काढली तेव्हाही दोनच बोटं होती."

"तेव्हा माझी बोटं जाड होती."

हे खरं होतं. वादळानंतर सगळ्यांचीच बोटं बारीक झाली होती.

"लेनचं पोर चालायला लागलं म्हणे," रोसिना म्हणाली. लेन त्यांची मुलगी, माएवो बेटावर दिलेली. आभाळ मोकळं असलं की आमच्या टोकावरून माएवो दिसतं. लेनच्या लग्नाला रोसिना पहाटेच्या बोटीने गेली आणि संध्याकाळच्या बोटीने परत आली होती, कारण हेडमास्तर दिवसभर उपाशी बसला होता. त्यानंतर ती गेलीच नव्हती.

"पोरं चालतातच," एल्डन म्हणाला.

"मी त्याला बघितलं नाही अजून."

"फेरा पुरा होऊ दे. मला वरचं नाव मिळू दे. मग जा आणि महिनाभर राहा."

रोसिनाने तोंडातला घास तळहातावर काढला. हेडमास्तरने तो हलकेच उचलला. एवढं धूड, पण तिच्या हाताला त्याचा दात कधी लागला नव्हता.

*

सरकारी तांदूळ आणि ताडपत्र्या घेऊन बोट आली, तिच्यातून एल्डनचा भाचा हॅरिसन उतरला. थोरल्या बहिणीचा मुलगा, पण लहानाचा मोठा झाला लुगनविल शहरात. पाठीवर सॅक, हातात दोन फोन आणि अंगात बनियन, त्यावर डुकराचा गोल सुळा आणि खाली अक्षरं: 'सात वर्षांची वाढ सात दिवसांत'.

संध्याकाळी तो पुरुषांच्या बैठकीच्या घरात आला. वादळाने या घराचंही अर्धं छप्पर नेलं होतं, पण काव्याची गुंगी आणणारी मुळं कुटायची जागा कोरडी होती, म्हणजे बैठक चालू होती. हॅरिसनने काव्याची करवंटी एका दमात रिकामी केली, तोंड वाकडं केलं आणि सुरुवात केली.

"मामा, तुमची संपत्ती आहे कुठे?"

"खुंट्याला बांधलीय," एल्डन म्हणाला.

"तेच तर! बांधून ठेवलीय. ती मोकळी करायला पाहिजे."

"मोकळी केली तर मळे खाईल," म्हातारा सिलास म्हणाला. सिलास आमच्यातला सगळ्यात वरच्या मानाचा. आयुष्यात त्याने इतकी सुळेवाली डुकरं मारली होती की त्याचं पूर्ण नाव घ्यायचं तर मधे श्वास घ्यावा लागे.

हॅरिसनने समजावलं. सुळाकॉइन नावाचं नाणं निघतंय. ते हातात धरता येत नाही, फोनमधे असतं. ब्रिस्बेनचा डेमियन नावाचा माणूस भागीदार आहे. जगातला कोणीही माणूस घरबसल्या सुळ्याचा तुकडा विकत घेऊ शकेल.

"सुळ्याचा तुकडा पाडला की त्याची किंमत गेली," सिलास म्हणाला.

"खरा तुकडा नाही, आजोबा. मानलेला."

"मानलेला सुळा."

"हो."

"आणि डुक्कर?"

"डुक्कर खरं! म्हणून तर आम्ही वेगळे. बाकीच्यांच्या कॉइनमागे काहीच नसतं. फार तर कुत्र्याचं चित्र असतं."

एनोक इतका वेळ त्याच्या बनियनवरची अक्षरं लावत बसला होता. "सात दिवसांत काय वाढतं माहितीय का तुला?"

"काय?"

"गळू."

सगळे हसले. हॅरिसनही हसला, कारण लोक हसले की निम्मं काम झालं असं त्याला शहरात शिकवलं होतं. मग तो सरसावून बसला. आता आपल्या भाषेत, रीतीने मागावं, असं त्याला वाटलं असणार. बोटीत त्याने दोन-चार जुने शब्द कोणाकडून तरी घोकून घेतले होते.

"मामा," तो म्हणाला, "हेडमास्तर मला वाढीला दे."

करवंट्या थांबल्या.

आमच्याकडे डुक्कर मागायच्या दोन रीती आहेत. 'दे' म्हटलं तर दिलं आणि संपलं. 'वाढीला दे' म्हटलं तर ते उसनं झालं. आणि ते नेलं तसं परत करून चालत नाही. मधल्या काळात त्याचा सुळा जेवढा वाढला असता तेवढा वाढलेलं डुक्कर परत द्यावं लागतं. मधे ते मेलं, पळालं, समुद्रात बुडालं, काही झालं तरी हिशेब थांबत नाही. आमच्याकडे मेलेल्या डुकराचा सुळा जिवंत डुकराइतकाच नेमाने वाढतो. हे आमच्या रांगत्या पोरालाही माहीत असतं. लुगनविलच्या पोरांना नसतं.

"वाढीला?" सिलासने सावकाश विचारलं.

"वाढीलाच. वाढ हाच तर सगळा मुद्दा आहे, आजोबा!"

"पुन्हा एकदा म्हण बरं. एनोकला कमी ऐकू येतं."

"वाढीला!" हॅरिसन ओरडला.

"आलं ऐकू," एनोक म्हणाला.

एल्डनने मान खाली घातली, कारण हसू दडवायला तेवढीच जागा होती. खाण्याच्या तुटीच्या या वर्षात डुक्कर दुसऱ्याच्या दारात खाणार, आणि परत येताना पुऱ्या फेऱ्याचं होऊन येणार. "दिला," तो म्हणाला. "सगळ्यांसमक्ष वाढीला दिला." हॅरिसनने त्याचे दोन्ही हात धरले आणि मामाला भेट म्हणून दोन लाख सुळाकॉइन देऊन टाकले. ते फोनमधे असतात आणि एल्डनकडे फोन नव्हता, म्हणून एनोकच्या फोनमधे ठेवले.

त्या संध्याकाळी आपल्याइतका हुशार माणूस बेटावर दुसरा नाही, असं एल्डनला वाटलं.

*

सकाळी बांबू घेऊन चार माणसं खोपटापाशी आली, तेव्हा रोसिनाला कळलं.

"कुठे नेताय याला?"

"लुगनविलला. वाढीला दिलाय," एल्डन म्हणाला.

"मला विचारलं नाहीत."

"डुक्कर माझं आहे."

"डुक्कर तुमचं. दाढा कोणाच्या झिजल्या?"

एल्डनने चौघांकडे बघितलं. चौघं बांबूकडे बघत होते. "अगं, तुझ्याच सोयीचं केलं," तो आवाज उतरवून म्हणाला. "आता मोकळी झालीस ना? जा की माएवोला."

रोसिना भांडायच्या पुऱ्या तयारीने बाहेर आली होती. या एका वाक्याने तिच्या हातातलं भांडणच काढून घेतलं. ती आत जाऊन उरलेलं कोनफळ घेऊन आली.

हेडमास्तर बांबूला बांधून घेईना. शेवटी तीच पुढे चालत गेली, चावत, तळहात मागे धरून, आणि तो तिच्या मागोमाग निमूट उतारावरून किनाऱ्यापर्यंत गेला. बोटीच्या फळीपाशी ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि तो वर चढेपर्यंत भरवत राहिली. मग हात समुद्रात धुऊन घरी आली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठली, कोनफळ उकडलं, घास घेतला, चावत चावत खोपटाशी आली. समोर खुंटा होता. तोंडातलं थुंकावं की गिळावं हे तिला बराच वेळ कळेना. शेवटी तिने ते कोंबड्यांना घातलं. कोंबड्यांनाही जरा संकोच वाटला.

पण दुपारी तिने केवड्याची चटई विणायला घेतली. नातवासाठी, लहानशी. पुढच्या बोटीने जायचं असं तिने ठरवलं होतं. किती वर्षांनी तिचा जबडा दुखायचा थांबला होता.

*

आमच्याकडे नेटवर्क फक्त टेकडीवर येतं, वीज पडून जळालेल्या नीरफणसाखाली. पूर्वी तिथे फारसं कोणी जात नसे. आता बऱ्याच जणांनी थोडेथोडे कॉइन घेतले आणि सकाळपासून गर्दी व्हायला लागली.

एनोक फोन डोक्यावर धरून उभा राहायचा आणि भाव ओरडून सांगायचा. वरच्या मळ्यातले तो खालच्या मळ्यातल्यांना सांगायचे, ते किनाऱ्यावर. भाव किनाऱ्यापर्यंत पोचेपर्यंत टेकडीवर आणखी वाढलेला असे, त्यामुळे किनाऱ्यावरची माणसं कायम गरीब असत. मळे तसेच पडून होते. वादळाने पाडलेली झाडं हलवायची होती, नव्या कोनफळांचे कोंब लावायचे होते, पण कोंब लावून बसायला त्या दिवसांत कोणाला धीर होता? एल्डन कोयता घेऊन निघायचा तो टेकडीवर पोचायचा. "मळ्याच्या वाटेवरच तर आहे," तो म्हणायचा. मळा खाली होता.

मग सुळाकॉइनच्या लुगनविलमधल्या समारंभाचा व्हिडिओ आला. सगळं गाव एका फोनभोवती गोळा झालं. हॉटेलचं हिरवंगार अंगण, गळ्यात फुलांचा हार घातलेला हेडमास्तर, आणि गोरा डेमियन त्याच्या सुळ्यावरून हात फिरवतोय. टाळ्या. मग पांढऱ्या टोपीतला एक माणूस लाकडाचा दांडका घेऊन आला आणि दोन फटक्यांत हेडमास्तर आडवा झाला. मग एकदम भाजलेल्या मांसाच्या थाळ्या.



"मारलं कोणी?" सिलासने विचारलं.

"आचारी दिसतोय हॉटेलचा," एनोक म्हणाला.

सिलास खाली बसला. सुळेवालं डुक्कर जो मारतो, त्याचा मान चढतो, त्याला नवं नाव मिळतं. रीतच आहे, तिला आचारी-बिचारी कळत नाही. "म्हणजे," सिलास म्हणाला, "लुगनविलच्या हॉटेलातला तो आचारी आता तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या वर गेला."

त्या संध्याकाळी बैठकीत याच्यावर बराच खल झाला. ज्या नावासाठी एल्डनने इतकी वर्षं डुक्कर पोसलं, तेच नाव चर्चेत होतं. शेवटी ते आचाऱ्याला द्यावं लागलं. त्याला हे अजून माहीत नाही.

रोसिनाने व्हिडिओ एकदाच बघितला. हेडमास्तरच्या पायावर दाव्याचा वळ दिसत होता. त्याच्यापुढे माणसं फोन धरून उभी होती आणि तो एकेकाच्या हाताकडे बघत होता. फोनकडे नाही, तळहाताकडे.

भाव त्या रात्रीत तिप्पट झाला. एनोकने दोन वर्षांचा कोवळा कावा मुळासकट उपटून मिळेल त्या किमतीला दिला आणि सुळाकॉइन घेतले. त्या काव्याला अजून तेवढीच वर्षं जमिनीत राहायचं होतं. त्याची बायको मळ्याच्या खड्ड्यांपाशी उभी राहून त्याला जे बोलली, ते किनाऱ्यापर्यंत भावापेक्षा लवकर पोचलं.

बोट आली. रोसिनाने चटयांची वळकटी बांधली होती.

"या खेपेला नको," एल्डन म्हणाला.

"का?"

"भाड्यासाठी कॉइन मोडावे लागतील. आणि आत्ता वाढतोय. आत्ता मोडणं म्हणजे मूर्खपणा."

"मग मोडायचे कधी?"

"वाढून झालं की."

"कधी वाढून होतं ते?"

एल्डनला हे माहीत नव्हतं. सुळ्याचं बरं असतं, तो जबड्याला टेकला की झालं. या सुळ्याला जबडाच नव्हता. रोसिनाने वळकटी परत आढ्याला टांगली. बोटीचा भोंगा वाजला तेव्हा ती चूल फुंकत होती, आणि तो वाजायचा थांबला तरी फुंकत राहिली.

*

एका दुपारी एनोक टेकडीवर गप्प उभा होता.

"भाव काय?" खालून कोणीतरी ओरडलं.

"नेटवर्क नाही."

"आहे की. मी बायकोशी बोलतोय," शेजारी उभा असलेला एकजण म्हणाला.

एनोकने फोन खाली केला. "मग भाव नाही," तो म्हणाला.

डेमियनचा नंबर लागेना. त्याचा फोटो होता तिथे आता एक करडा गोळा होता. एल्डन धापा टाकत वर आला. "माझे दोन लाख? माझे दोन लाख गेले?"

"नाही," एनोकने नीट बघून सांगितलं. "सगळे आहेत. एकसुद्धा कमी झालेला नाही."

एल्डनला क्षणभर हायसं वाटलं. मग एनोकने ते कितीला जातील ते सांगितलं, आणि तो तिथेच मुळांवर बसला. संध्याकाळी घरी आला तेव्हा रोसिना जमीन उकरत होती. कोंब लावायचा हंगाम सरत आला होता. त्याने कोयता टेकवला आणि तिच्या शेजारी उकरायला लागला.

"यंदा मला नाव मिळालं असतं," शेवटी तो म्हणाला.

"आचाऱ्याला मिळालं की. चुलीपाशीच राहिलं म्हणायचं."

*

पुढच्या बोटीने हॅरिसन आला. लुगनविलमधे ज्यांना त्याने कॉइन विकले होते, ते त्याला शोधत होते. तो टोपी कानापर्यंत ओढून उतरला. सॅकमधे हेडमास्तरचा जबडा होता. बैठकीत त्याने तो मामापुढे ठेवला.

"सुळा परत आणलाय, मामा. जसाच्या तसा."

"मी डुक्कर दिलं होतं," एल्डन म्हणाला. "जबडा नव्हे."

"माझा कावा कुठाय?" एनोकने विचारलं. त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणून ते जास्त वाईट वाटलं. "दोन वर्षं मी त्याच्याभोवतीचं तण काढलं, हॅरिसन. रोज."

"मीही बुडालो, एनोककाका," हॅरिसन म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि ते खोटे नव्हते. "खोलीचं भाडंसुद्धा त्यातच घातलं होतं. मला खरंच वाटलं होतं की... आणि बाजार परत येतो. लांबचा विचार करायला पाहिजे."

"हे बरं बोललास," सिलास म्हणाला. "आपण लांबचाच विचार करू. तू डुक्कर वाढीला घेतलंस."

"म्हणजे, वाढ म्हणजे मी... विकास, अशा अर्थाने..."

"कुठल्याही अर्थाने घे. वाढ ती वाढ."

मग त्याला सगळं सांगण्यात आलं. पिल्लू आणायचं, वरचे सुळे काढायचे, पुरा फेरा होईपर्यंत सांभाळायचं आणि मामाला द्यायचं. हॅरिसनने ऐकून घेतलं. तो शाळेत गणितात हुशार होता.

"पण तोपर्यंत हेडमास्तरचाही सुळा वाढतच राहणार ना? म्हणजे माझ्या डुकराचा एक फेरा होईल तेव्हा त्याचे दोन होतील. मी कधीच पोचणार नाही."

बैठक विचारात पडली. मुद्दा बरोबर होता आणि आजवर कोणाच्या लक्षात आला नव्हता, कारण आजवर कोणी परतफेडीला इतका उशीर केलेला नव्हता. बराच वेळ कावा प्यायल्यावर असं ठरलं की मेलेल्या डुकराने जबड्यापाशी पोचल्यावर थांबावं. ठराव एकमताने झाला.

"आणि चारायचं काय," सिलास म्हणाला, "तर रोसिना आहेच. तिचा हात बसलेला आहे."

"आहेच ती," एल्डन म्हणाला.

हॅरिसनचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. "मामीचे उपकार होतील," तो म्हणाला आणि फोन शोधायला खिशात हात घातला.

रोसिना दाराबाहेर उभी होती. पानात बांधून भाजलेला कोनफळाचा लापलाप द्यायला ती आली होती. बायका त्या दारातून आत जात नाहीत, पण आवाज जातो.

"वाढीला कोणी घेतलं?" तिने विचारलं.

आत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. "हॅरिसनने," सिलास म्हणाला.

"शब्द कोणाच्या तोंडातून निघाला?"

"त्याच्याच."

"मग घासही त्याच तोंडातून निघू दे."

तिने पानाचा पुडा उंबऱ्यावर ठेवला. जाताना तिचा जबडा कटकन वाजला, तो आत सगळ्यांना ऐकू आला.

"अगं, पण तो पोरगा शहरातला..." एल्डन तिच्या पाठीमागून म्हणाला.

"दात आहेत ना त्याला?" ती अंधारातून म्हणाली.

सिलासने हॅरिसनला तोंड उघडायला लावलं. दात होते. चांगले होते.

*

पिल्लाचे सुळे काढताना हॅरिसनने डोळे मिटले होते, त्यामुळे पहिल्या खेपेला भलताच दात निघाला. एल्डनने त्याचं मनगट धरून दुसऱ्या खेपेला सुळे नीट काढून घेतले. पिल्लू ओरडत होतं, हॅरिसनही.

खोपट त्याने टेकडीवर बांधलं, जळालेल्या नीरफणसाला टेकून. कोणीतरी विचारलं, पाणी खालून आणावं लागेल, एवढ्या उंचावर कशाला? तो म्हणाला, वारा चांगला लागतो. त्यामुळे आमच्या बेटावरचं सगळ्यात चांगलं नेटवर्क आजही एका डुकराला मिळतं.

पिल्लाला कोवळे दिवस चावायची गरज नसते, पण हाताची सवय आत्ताच लावावी लागते. हॅरिसनला हे जमत नव्हतं. तो दोनदा दात मारून घास काढायचा, पिल्लू हुंगायचं आणि तोंड फिरवायचं. किती दिवस असंच चाललं. पाणी आणून त्याच्या खांद्यावर घट्टे पडले, बनियनवरची अक्षरं उन्हाने उडाली, नुसता सुळा राहिला. दिवसा तो एनोकच्या मळ्यात काव्याच्या काड्या लावायला जायचा. एनोक त्याच्याशी बोलत नसे, पण दुपारच्या जेवणात त्याचा वाटा ठेवायचा.

बोटीचा भोंगा वाजला त्या सकाळी रोसिना टेकडी चढून आली. खांद्यावर चटयांची वळकटी होती.

"माएवोला चाललेय," ती म्हणाली. "महिना होईल. कदाचित जास्त."

हॅरिसनने मान हलवली. त्याला बोलता येत नव्हतं, तोंडात घास होता. आज तो सावकाश चावत होता. पिल्लू खुंट्यापासून दोरी ताणून त्याच्या गुडघ्याशी येऊन उभं राहिलं होतं आणि त्याच्या जबड्याकडे बघत होतं. इतकं जवळ ते पहिल्यांदाच आलं होतं.

मुळांवर ठेवलेला फोन वाजला. हॅरिसनने बोटाने तो चालू केला.

"हॅरी!" शहरातला कोणीतरी ओरडला. "नवीन प्रोजेक्ट आहे, भावा. या वेळी खरंच मोठं आहे. आजच्या आज ठरवायचंय. तू आहेस ना?"

हॅरिसनने फोनकडे बघितलं. मग पिल्लाकडे. थुंकायला एक क्षण पुरला असता. तो चावत होता.

"हॅरी? ऐकतोयस ना? सांग, आहेस की नाही?"

हॅरिसनने हात वर करून थांबायची खूण केली. फोनला ती दिसली नाही. पिल्लाला दिसली असावी, ते आणखी एक पाऊल पुढे सरकलं.

"हॅरी? ... हॅलो?"

फोन बंद झाला. समुद्रावर दुसरा भोंगा वाजला.

"चावून झालं?" रोसिनाने विचारलं.

त्याने मान हलवली. नाही.

"मग बोलू नकोस," ती म्हणाली, वळकटी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि बोटीकडे उतरायला लागली.